‘काईच न्हाई खाल्लं, म्याडम!’

बैलाचा मालक डॉक्टरशी खोटं बोलत नाही. बैलानं काय खाल्लं, किती खाल्लं, कोणाच्या बांधावरचं खाल्लं, सगळं सांगतो. म्हशीवाली बाई तर परवाच्या पेंडीपासून सुरुवात करते. पण कुत्र्याच्या मालकाला नुसतं विचारायचं, "काय खाल्लं यानं?" की नवरा बायकोकडं बघतो, बायको सासूकडं बघते, आणि मग सगळे एका सुरात म्हणतात, "काईच न्हाई खाल्लं, म्याडम!"

आणि नेमकं त्याच वेळी कुत्रं टेबलावर अर्धी जिलबी ओकून टाकतं!

या एका प्रश्नावर माझ्याकडं इतके किस्से साठलेत, की बहिणी जमल्या की मला सासूबाईंबद्दल बोलायला वेळच मिळत नाही. अर्थात सासूबाई स्वतःच एका किश्श्यात येऊन बसल्यात, तो सांगतेच.

मी जनावरांची डॉक्टर. सोनपेठ तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात माझं हे दहावं वर्ष. आधी कुत्री आमच्याकडं यायचीच नाहीत. ताक-भाकरी खायची, उन्हात पडायची, मजेत जगायची. मग लोकांचं त्यांच्यावर प्रेम बसलं आणि त्यांची पोटं बिघडायला लागली.

माझ्याबरोबर आहेत गफूरमामू. कागदोपत्री हुद्दा पट्टीबंधक, प्रत्यक्षात अर्धे डॉक्टर आणि अर्धे पहिलवान. चावरं कुत्रं नुसत्या गमछ्यात धरतात. जनावरांशी मराठीत बोलतात आणि मालकांशी उर्दूत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जनावर गाँव का है म्याडम, मराठी समजता. मालक को किसमें बी बोलो, उनको समजताच नै!"

* * *

हे सगळं सुरू झालं भुऱ्यापासून.

चंपाषष्ठी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मथुरामावशी भुऱ्याला चादरीत गुंडाळून ऑटोतून घेऊन आल्या. मावशी पासष्टीच्या. मुली लग्न होऊन गेलेल्या, यजमान वारलेले. त्यांच्या गावाच्या टोकाला, खंडोबाच्या देवळाशेजारी घर, आणि घरात त्या आणि हा त्यांचा कुत्रा. भुऱ्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या, लघवी कोऱ्या चहासारखी. उभंसुद्धा राहवत नव्हतं त्याला.

"काय खाल्लं यानं, मावशी?"

"काईच न्हाई."

"मावशी, खरं सांगा."

"देवाचं खाल्लं. त्याला काय खाणं म्हणतेत व्हय?"

मग उलगडा झाला. आमच्याकडं घरोघरी चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद असतं. काही घरांत ते थेट चंपाषष्ठीला सुटतं. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा निवद. भरतात पातीचा कांदा आणि लसूण अगदी सढळ हातानं, चार महिन्यांची कसर काढायची असते ना! आणि खंडोबाचं जनावर म्हणून पहिला घास कुत्र्याला. तो खाईपर्यंत घरातलं कोणी जेवत नाही. देवळाशेजारचा कुत्रा म्हणजे भुऱ्या. अख्खं गाव ताटं घेऊन त्याच्याच दारात!

म्हणजे बाकीच्यांनी एकेका घरचं भरीत खाल्लं होतं, आणि भुऱ्यानं गावाचं.

कांदा-लसूण माणसाला कितीही मानवो, कुत्र्याच्या अंगातलं रक्त तो फोडतो. कच्चा असो, शिजवलेला असो, भाजलेला असो. आणि लगेच कळतही नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रं बसतं. आठ दिवस आम्ही भुऱ्याला सलाईन लावलं. आठही दिवस मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसून. नवव्या दिवशी तो स्वतःच्या पायांवर ऑटोत चढला तेव्हा मला रडूच आलं, आणि ते मामूंनी पाहिलं म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले.

मी मावशींना सांगितलं, "या वेळी वाचला. पुढच्या चंपाषष्ठीला पुन्हा खाल्लं, तर तो माझ्या हातात राहणार नाही."

मावशी म्हणाल्या, "मंग देवाला काय सांगू?"

हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

* * *

माझ्या हातात एक वर्ष होतं. मी ठरवलं, पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत अख्ख्या पंचक्रोशीला कांदा पाठ करून घ्यायचा. पेंटर बोलावला आणि दवाखान्याच्या भिंतीवर यादी रंगवून घेतली. एका बाजूला ‘कुत्र्याला द्या’: भाकरी, साधा भात, पातळ ताक, उकडलेलं अंडं, गाजर, लाल भोपळा, हाड काढलेलं बिनमसाल्याचं चिकन. दुसऱ्या बाजूला ‘देऊ नका’: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, चहा-कॉफी, शिजवलेली हाडं, फळांच्या कोया, शुगर-फ्रीच्या गोळ्या, दारू. कांदा सगळ्यात वर, लाल रंगात, सगळ्यात मोठा!

मधोमध पेंटरनं हौसेनं कुत्र्याचं चित्र काढलं.

गफूरमामूंनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "पेंटरसाब, ये बकरी को प्याज किसने मना करा?"

* * *

यादीचा पहिला परिणाम असा झाला, की लोक ती वाचायला लागले. दुसरा परिणाम असा, की यादीत नाही ते सगळं चालतं असं समजायला लागले!

होळीच्या दिवशी एका बाईंचा फोन आला. आवाजावरून वाटलं, कुत्रं शेवटच्या घटका मोजतंय.

"म्याडम, आमच्या कुत्र्यानं पुरणात तोंड घातलं! यादीत पुरण न्हाई, मनून फोन केला."

मी धीर दिला. किती खाल्लं, जायफळ किती होतं, तो चालतोय का, ओकतोय का, सगळं विचारलं. थोडं खाल्लं होतं. म्हटलं, "घाबरू नका. जुलाब होतील फार तर. पाणी ठेवा, आज दुसरं काही देऊ नका."

"ते झालं ओ म्याडम. कुत्र्याचं न्हाई इचारायले मी."

"मग?"

"ऱ्हायलेलं पुरण पाव्हण्याला चालंल का?"

* * *

उन्हाळ्यात एका शेतकऱ्याचा शेरू आला. चार दिवस पोटात अन्न टिकेना. "काईच न्हाई खाल्लं" हे झालंच. परभणीला नेऊन ऑपरेशन केलं तेव्हा आतड्यात अडकलेली आंब्याची कोय निघाली. कुत्री आंबा कोयीसकट गिळतात आणि कोय पुढं सरकत नाही. बघायला मिळावी म्हणून ती कोय मालकाला बाटलीत घालून दिली होती.

टाके दाखवायला तो दवाखान्यात आला तेव्हा बाटली सोबत होती. माणूस संतापलेला.

"म्याडम, ही कोय आमची न्हाई!"

"म्हणजे?"

"आमच्याकडं केशर. ही गावरान गोटीची हाय. गोटीचं झाड फकस्त आमच्या भावाच्या वाटणीला गेलेलं. तिकडं आमी सात वर्षं झाली जात न्हाई, बोलत न्हाई, अन् ह्यो गडी रोज दुपारी तिकडं जेवायलाय!"

शेरू टेबलावर मान खाली घालून बसला होता. लाजला होता असं मी म्हणणार नाही, पण मालकाकडं बघत नव्हता हे खरं.

पुढच्या आठवड्यात टाके काढायला दोघं भाऊ आले. एक उजवीकडून, एक डावीकडून, मधे शेरू. एकमेकांशी अजूनही बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते शेरूला सांगत होते. "शेरू, सांग त्याला, कोय फेकताना बगून फेकत जा." "शेरू, सांग त्याला, पोटाला घातलं असतं तर तू आला असतास का?"

मामूंनी टाके मुद्दाम हळूहळू काढले.

* * *

आता सासूबाई. आमच्या घरी चिंकी नावाची कुत्री आहे. तिला सकाळी चहा लागतो हे मला लग्नानंतर पाचव्या वर्षी कळलं! म्हटलं, "आई, चहा कुत्र्याला विष आहे. मी गावभर हेच सांगत फिरते."

"चहा कुठं देते मी? बशीला लागलेला चाटती ती."

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर बशी काठोकाठ भरलेली आणि सासूबाई म्हणतात, "आज जरा जास्त लागलाय."

मी चिडले. तर म्हणाल्या, "हे बग, ते तुझ्या दवाखान्यात येतेत त्या जनावरांना सांग. चिंकी घरची हाय!"

आता मी रोज चिंकीच्या बशीत ताक घालते आणि सासूबाई रोज त्या ताकात चमचाभर साखर घालतात. त्यावर मी अजून काही म्हटलेलं नाही, कारण संसार करायचा आहे.

* * *

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी त्यांचा लॅब्रॅडॉर घेऊन आले. नाव सोन्या. गावात गुरुजींचा दरारा असा, की सोन्यासुद्धा परवानगी घेतल्यासारखा भुंकायचा. आता मात्र ओकून ओकून बेजार झालेला.

गुरुजी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "कालचा उपास होता. त्याला फक्त मूठभर मनुका दिल्या."

"कुत्र्याला उपास?"

"आमच्या घरात सगळेच धरतात."

मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, कोणाची किती खाल्ल्यावर जाईल याचा नेम नाही. मी तडक सोन्याला दाखल करून घेतलं. तीन दिवसांनी तो सावरला. मग गुरुजींना बसवून समजावलं, की याला एकादशीलाही भाकरीच द्या. गुरुजी फार गंभीर झाले.

"मग त्याचा उपास मोडेल."

"मोडू द्या!"

"शिस्त बिघडते, म्याडम."

सोन्याला धरून बसलेल्या मामूंना राहवलं नाही. "गुरुजी, इसको हमारे मोहल्ले में छोड दो. हमारे रोजे में कम से कम मगरिब की अजान के बाद पेटभर तो मिलता!"

सोन्यानं मामूंचा हात चाटला. तेवढा एकच निर्णय त्यानं गुरुजींना न विचारता घेतला.

* * *

दिवाळीनंतर टायगरचा वाढदिवस झाला. टायगर हा गावातल्या होतकरू युवा नेत्याचा कुत्रा. चौकात फ्लेक्स लागला. वर गॉगल घातलेला टायगर, खाली शुभेच्छुक म्हणून बावीस फोटो. स्पीकर, हार, सगळं झालं आणि मग चॉकलेटचा केक. पहिला तुकडा अर्थातच बर्थडे बॉयला.

तासाभरात त्याच गर्दीसकट टायगर माझ्या टेबलावर! छाती धडधडायलेली, अंग थरथरायलेलं. चॉकलेट पोटातून बाहेर काढायला मी इंजेक्शन दिलं. बावीस शुभेच्छुक खिडकीतून मोबाईलवर शूटिंग करत होते.

"बाहेर भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, चॉकलेट देऊ नका! वाचता येत नाही?"

युवा नेता हात जोडून म्हणाला, "म्याडम, चूक झाली. पन आमी काळजी घेतली व्हती ओ."

"कसली काळजी?"

"शनिवार व्हता ना, मनून टायगरसाठी एगलेस आणला!"

* * *

मी हसत होते, पण आतून धास्ती वाढत होती. टायगरच्या फ्लेक्सचा रंग उडाला नव्हता तोवर चंपाषष्ठी तोंडावर आली. ज्याच्यासाठी भिंत रंगवली त्या भुऱ्याचं काय होणार, हे मला अजून माहीत नव्हतं.

मी मावशींच्या गावात तीनदा गेले. देवळात बसून लोकांना समजावलं. तळी भरायचा मान असलेले दादाराव म्हणजे गावातला शेवटचा शब्द. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, काळजी करू नका. गेल्या वर्षीबी देवानं वाचवलाच की त्याला."

"मी वाचवला!"

"तेच मनायलोय. तुमच्या हातानं."

म्हटलं, मग भुऱ्याचा निवद तरी बिनकांद्याचा करा. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी देऊळच हलवायला सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "चार महिने कांद्यावाचून काढायचे, अन् देवाच्या जनावराला अळणी भरीत? चेष्टा हाय का?" दादारावांनी समारोप केला, "रीत हाय, म्याडम. आमी न्हाई पाडली, आमी न्हाई मोडणार."

मावशी मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. निघताना मी त्यांना म्हटलं, "मावशी, त्या दिवशी त्याला घरात कोंडून ठेवा."

"गावाला उपाशी ठिवू? त्यानं खाल्ल्याबिगर जेवाया बसत न्हाईत लोक."

"मग त्याला मरू देणार?"

मावशींनी भुऱ्याकडं बघितलं. मग भलतंच बोलल्या. "मलाबी कांद्याची लय याद येती बगा. भाकरी घशाखाली उतरत न्हाई. आता थोडेच दिवस ऱ्हायले."

मला त्यांचा राग आला. खरंच आला.

चंपाषष्ठीच्या दिवशी मी रजा टाकली. सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं पिशवीत भरून मामूंच्या गाडीवर मागं बसले आणि गावात गेलो. तळी भरून झाली होती. भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी झालेली. आणि मावशींच्या घराकडं बायकांची रांग निघालेली, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. भरताचा वास असा सुटला होता, की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. लसूण, पातीचा कांदा, वरून फोडणी!

मावशी उंबऱ्यावर बसलेल्या. भुऱ्या शेजारी, गळ्यात दोरी, दोरी मावशींच्या मनगटाला. शेपूट अशी हलत होती, की मागची धूळ उडत होती. त्या बिचाऱ्याला काय, त्याला वर्षातला सगळ्यात चांगला दिवस वाटत होता.

पहिली बाई पुढं आली. ताटावरचं फडकं काढलं.

"मथुराकाकू, सोडा त्याला."

मावशी उठल्या. "सोडते. पन एक सांगते. त्याचा चातुर्मास सुटला न्हाई अजून."

कोणाला काही कळेना. दादाराव पुढं आले. "मथुराबाई, आज समद्यांचाच सुटतो."

"तुमचा चार महिन्यांचा व्हता, तुमचा सुटला. ह्यानं गेल्या साली मरता मरता धरलाय. कांदा-लसणाचा. जन्माचा धरलाय."

"कुत्र्यानं?"

"देवाच्या कुत्र्यानं. आता ज्याला कुणाला त्याचा नेम मोडायचाय, त्यानं पुढं यावं अन् आपल्या हातानं मोडावा. मी दोरी सोडते."

आणि खरंच सोडली.

भुऱ्या उडी मारून पुढं गेला आणि पहिल्या बाईनं किंचाळून ताट डोक्यावर धरलं! दुसरीनं पदराखाली घेतलं. तिसरी तर ताट घेऊन घराकडं पळाली. भुऱ्या प्रत्येकीपुढं जायचा आणि ती मागं सरायची. दादारावांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि मग जोरात ओरडले, "अगं, बघत काय बसलाव? त्याचं येगळं करून आणा! नेमाचं जनावर हाय!"

तासाभरात ताटं परत आली. बिनकांद्याची, बिनलसणाची. एकीनं तिखट काढलं होतं, एकीनं भीतीपोटी मीठसुद्धा. सगळ्या ताटांतला एकेक घास भुऱ्यानं मनापासून खाल्ला. त्याला काहीही फरक पडला नाही, आणि गाव जेवायला बसलं.

मी सलाईनची पिशवी घेऊन तशीच उभी. वर्षभर भिंती रंगवल्या, सभा घेतल्या, घसा कोरडा केला. मावशींनी एका वाक्यात काम केलं. खोटं कशाला बोलू, आनंदाबरोबर थोडी जळलेसुद्धा.

मामू हळूच म्हणाले, "म्याडम, दीवार पे येच लिखना था."

मावशींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घोंगडीवर बसवलं, रोडगे कुस्करले, वर तूप सोडलं, भरीत वाढलं. पहिला घास घेतला आणि लक्षात आलं, हेही भुऱ्याचंच भरीत. मला वाटलं, गडबडीत कांदा घालायचा राहिला.

"मावशी, एखादा कांदा फोडा की. आज तर सुटला तुमचा."

"घरात न्हाई कांदा."

"आज? चंपाषष्ठीला?"

मावशी रोडगा कुस्करत राहिल्या. "त्याला एकट्यालाच धराया लावू व्हय?"

"म्हणजे तुम्ही पण? कधीपर्यंत?"

"तो हाय तवर."

मामू मधेच उठून शेजारच्या घरून आमच्यासाठी पातीचा कांदा मागून घेऊन आले होते. तो त्यांनी हळूच सदऱ्याच्या खिशात घातला आणि ताट पुढं केलं. "लाओ मावशी," ते म्हणाले, "हमको बी थोडा वोईच भरीत."